सहाव्या नंबरवर डावरा

५ जानेवारी

छोट्या,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा टॉस होऊन गेलेला असेल, पण पाकिटावरचा शिक्का आजचा आहे, बघून घे. लग्न झालं की माणसं नियम विसरतात, म्हणून पुन्हा लिहिते. पहिले सहा माझे, खालचे पाच तुझे, कीपर धरून. टॉसच्या आधी पोस्टात पडलेलीच टीम खरी. फोनवर सांगितलेली चालणार नाही, कारण फोनवर तू खेळपट्टीचा अंदाज ऐकून मत बदलतोस. हॉस्टेलवर असल्यापासूनची खोड आहे तुझी. दोघांकडून एकच नाव आलं तर ते थोरलीचं धरायचं, धाकट्याची जागा रिकामी, आणि टीम दहा जणांची खेळणार. मागे आपण दोघांनी तोच एक ऑलराउंडर घेतला होता आणि दहा जणांनिशी कागदावर हरलो होतो, आठवतं? त्यानंतर तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास.

माझे सहा वेगळ्या कागदावर आहेत, आपण ठेवलेल्या टोपणनावांनीच. ओपनिंगला कारकूनच. सगळं जग म्हणतंय त्याला काढा, त्याची बॅट चालत नाही. अरे, त्याला बॅट चालवायला पाठवलाय कुणी? तो फायली हलवल्यासारखा एकेक चेंडू इकडून तिकडे करतो, आणि तेवढ्यात नवा चेंडू जुना होतो. पुढच्यांना आयतं ताट मिळतं आणि नाव त्यांचं होतं. घराघरात असं एक माणूस असतं, पण त्याची कदर कोण करतो! आणि सहाव्या नंबरवर माझा सुतार, हे सांगायलाच नको. ठोकायचं तिथे ठोकेल, तासायचं तिथे तासेल. सुतार नाही तर टीम नाही.

तुझ्या मास्तरीणबाई कशा आहेत? त्या कॉलेजात डाव्या हाताने स्पिन टाकायच्या हे तू आता मला तिसऱ्यांदा कळवलंस. कळलं हो! आम्ही बापडे नुसतं रेडिओ ऐकून शहाणे झालेले, त्या मैदानात उतरलेल्या. लग्नातून मी जेवणाआधी निघाले ते एका आजोबांची कवळी द्यायची होती म्हणून. ताई रागावली, असं तू लोकांना सांगितलंस म्हणे. मला रागवायला वेळ तरी आहे का?

टेबलाशेजारच्या तुझ्या खुर्चीवर मी प्लास्टरची पोती ठेवली आहेत. उगाच भलतासलता अर्थ काढू नकोस. पोत्यांना जागा नव्हती.

तुझी
ताई

१७ जानेवारी

छोट्या,

तुझे पाच मिळाले. अक्षर तुझं, शाई तुझी, खाली ओढलेली वेडीवाकडी रेघसुद्धा तुझी. पण टीम तुझी नाही.

तू? तू दुसरा स्पिनर घेतलास? जन्मभर 'तीन फास्टर पाहिजेत, ताई, तीन फास्टर' म्हणून माझं डोकं खाल्लंस. भेगा पडलेल्या खेळपट्टीवरसुद्धा तुला तीन फास्टर लागायचे. आपल्या उंचाड्या जिराफाला ताप होता, तरी तू त्याला टीममध्ये घेतला होतास. आणि आता अचानक त्या डावऱ्याचं नाव? ज्याला तू स्वतः 'चेंडू टाकतो की देवाला फूल वाहतो' म्हणाला होतास, तोच ना हा? माझ्या हातात मेणाचा साचा होता, तो तसाच ठेवून मी तुझा कागद परत वाचला. मग कळलं. डावखुऱ्यांना डावखुरेच आवडणार.

आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? ती बाई बरोबर निघाली. माती काळी आहे, चौथ्या दिवसापासून चेंडू हातभर वळेल, उजव्या फलंदाजांपासून बाहेर नेणारा माणूस हवा, हे तू पत्रात पढवलेल्या पोपटासारखं लिहिलं होतंस. देशाच्या खऱ्या निवड समितीच्या शहाण्यांनी तीन फास्टर खेळवले, म्हणजे खरं तर तुझी जुनी टीम खेळवली. पाचव्या दिवशी चेंडू हातभर वळत होता आणि वळवणारा तंबूत बसून टाळ्या वाजवत होता. पलीकडच्यांनी आरामात धावा काढून सामना खिशात घातला. कॉमेंटेटर म्हणाला, 'इथे डावखुरा स्पिनर असता तर!' मी रेडिओच बंद केला. सामना हरल्याचं दुःख नेहमीचंच आहे रे, ते आपण पचवतो. हे दुसरंच होतं.

पत्रात आणखी एक पाहिलं. आम्ही ऐकलं, आम्ही चर्चा केली, आम्हाला वाटतं. हे आम्ही कोण? तू आणि मी मिळून 'आम्ही' होतो. आईबाबा गेल्यावर या दोन खोल्यांत तू, मी आणि रेडिओ, आणि समोर लोकांचे दात. मी दात लावत बसायचे आणि तू शेजारी बसून फील्ड लावायचास. माझ्या दातांच्या ट्रेमधले दात घेऊन तू टेबलावर स्लिपा मांडायचास! एकदा एका बाईंची दाढ गलीत राहिली होती आणि मी घरभर शोधत होते. ते 'आम्ही' कुठे गेलं?

तू विचारलंस, तिलाही निवडीत घेऊ या का, निदान एक जागा तरी तिला देऊ या, सातवा नंबर. साफ सांगते, मला चालणार नाही. तुझं लग्न झालं म्हणजे माझ्या निवड समितीचं झालं नाही. तू घर तिला दिलंस, पगार तिला दिलास, रविवार दिलास. मी एका शब्दाने बोलले का? माझ्याकडे तुझे ते खालचे पाच उरलेत. त्यातला एकही मी देणार नाही.

चिडले आहे, हे तुला कळलंच असेल. चिडलेच आहे.

ताई

२३ जानेवारी

प्रिय छोट्या,

तुझं उत्तर मिळालं. तू लिहिलंस, 'ताई, तू तिच्यावर जळतेस.' तिच्यात जळण्यासारखं आहे काय? भूगोल शिकवते, डावीने लिहिते, आणि फोनवर मला 'वन्सं' म्हणते. या जमान्यात वन्सं कोण म्हणतं रे? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मागे कुणी दुसरंच उभं आहे. चेष्टा करते की मान देते, हेच कळत नाही. माझं काही तिच्यावाचून अडलेलं नाही.

पण तू 'माझ्यासाठी एवढं कर' असं लिहिलंस. तू कधी माझ्याकडे काही मागत नाहीस. पाण्याच्या पंपावर बदली झाली तेव्हाही नुसती बॅग भरलीस आणि गेलास. तेव्हा विचार केला, आपणच थोरल्या आहोत, थोरपणा घ्यावा. तुझ्या होकाराची वाट बघायला वेळ नाही, सातव्या नंबरवर तिचं नाव भरून यादी पोस्टात टाकतोय, असंही कळवलंस; तर दिला तिला सातवा नंबर. तिने कुणाचंही नाव लिहिलेलं असो, मी हूं की चूं करणार नाही. झालं समाधान?

आता माझे सहा. पहिले पाच तेच. कारकून पहिल्या टेस्टमध्ये दोन्ही डावांत लवकर गेला, तरी मी त्याला सोडणार नाही. सहाव्या नंबरवर मात्र या वेळी बदल आहे. सुतारला विश्रांती दिली आहे. त्याच्या जागी मी डावऱ्याला घेते आहे. डोळे चोळू नकोस, नीट वाचलंस. फलंदाज म्हणूनच घेते आहे. सराव सामन्यात त्याने बरी फलंदाजी केली, पाय चांगले हलतात, आणि खालच्या फळीत डावा-उजवा जोडी असलेली बरी. अभ्यास करूनच घेतलाय.

फक्त एवढंच, की समजा मास्तरीणबाईंनी सातव्या जागेवर त्याचंच नाव लिहिलेलं असलं, तर नियम तुला ठाऊक आहेच. नाव थोरलीचं राहणार आणि त्यांची जागा रिकामी. टीम दहा जणांची झाली तरी माझा नाइलाज आहे. नियम मी आज केलेला नाही. त्यांना म्हणावं, वाईट वाटून घेऊ नका, क्रिकेटमध्ये असं होतं.

पत्र आत्ताच पोस्टात टाकून येते. नंतर टाकेन म्हटलं की माझा विचार बदलतो.

तुझी
ताई

४ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं पत्र आलं. 'किती मोठं मन, किती मोठं मन' लिहून तू अर्धं पान भरलंस, आणि माझं पत्र पंपहाउसवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलंस म्हणे. कुणी सांगितलं होतं? मेकॅनिकपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माझं मन दाखवून आलास!

तू जे समजलास ते असं. तुझ्या बायकोने सातव्या जागेवर डावऱ्याला घेतलंच नाही. 'वन्संना दुसरा स्पिनर आवडत नाही, पहिल्याच वेळी त्यांच्या मनाविरुद्ध कशाला? जिराफालाच लिहा,' असं म्हणून तिने तुझ्या हातून जिराफाचं नाव लिहवून घेतलं. आणि इकडून ताईने स्वतःचा लाडका सुतार बाहेर बसवून डावऱ्याला घेतलं. म्हणजे हिने तिची आवड जपली, तिने हिची जपली, दोन पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली, आणि छोट्याचे डोळे भरून आले. बरोबर ना?

मोठं मन वगैरे म्हणू नकोस. त्यात काही अर्थ नाही.

आणि सामना म्हणशील तर काय बोलू! आपल्या शहाण्यांनी या वेळी डावऱ्याला खेळवलं. तिसऱ्या संध्याकाळी विकेट पडली म्हणून त्याला नाइट वॉचमन पाठवला, उजेड जाईपर्यंत अडवून धर म्हणून. तो गडी दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत हलला नाही! 'पाय चांगले हलतात' असं मी जे ठोकून दिलं होतं, ते कॉमेंटेटर शब्दाला शब्द बोलला. मग शेवटच्या दिवशी सिली पॉइंट आणि स्लिप लावून त्याने पलीकडच्यांची मधली फळी कापून काढली. मालिका बरोबरीत. तू लिहिलंस, 'ताई, सगळ्या देशात त्याला फलंदाज म्हणून ओळखणारी तू एकटी!' खरं आहे. मी एकटीच.

अरे, तुला काहीच कसं वाटलं नाही? मी सुतारला काढलं. मी! तू माझा भाऊ ना? तू एवढंसुद्धा विचारलं नाहीस की ताई, तुला बरं आहे ना?

तुझ्या पत्राखाली समासात एक ओळ होती, डावीकडे कललेल्या अक्षरात. ती तू वाचलीस का? वाचली नसशील. तिचं उत्तर मी तिलाच देईन.

ताई

७ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना,

सप्रेम वगैरे काही लिहीत नाही, खोटं वाटेल.

तुम्ही समासात लिहिलंत, 'वन्सं, सुतारांना काढून? खरं सांगा.' वाचल्याबरोबर माझ्या कानाची पाळी तापली. एवढ्या वर्षांत मला असं कुणी पकडलं नव्हतं. चोरी करताना आई पकडते ना, तसं वाटलं. आणि तुम्ही माझ्याहून चांगल्या आठ-दहा वर्षांनी लहान.

खरं हवंय ना, घ्या मग. डावऱ्याला मी घेतला तो तुम्हाला बाहेर काढायला. मला खात्री होती की सातव्या नंबरवर तुम्ही त्यालाच लिहिणार. म्हणजे तुमची जागा मी दिली पण आणि काढून पण घेतली, आणि वर नियमावर बोट. टीम दहाची होऊन हरली असती तरी चाललं असतं मला. फलंदाजी, पाय, डावी-उजवी जोडी, सगळं नंतर शोधून काढलं. हे मी छोट्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुम्हाला सांगायचं तर सांगा. त्याचा विश्वास बसायचा नाही.

याहून वाईट ऐका. शेवटच्या दिवशी मी बँकेतल्या साहेबांची वरची कवळी मेणात लावत होते. डावऱ्याने पहिली विकेट काढली तेव्हा मी रेडिओचा आवाज कमी केला. दुसरी गेली, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, 'पुरे की आता.' आपला बोलर, आपल्या मैदानात, त्याच पलीकडच्यांविरुद्ध, ज्यांच्यासमोर आपण हरलो की मी दोन दिवस नीट जेवत नाही. आणि मी मनात म्हणतेय, कॅच सुटू दे. कॅच सुटू दे, म्हणजे मास्तरीणबाई खोट्या ठरतील. सामना जिंकला तेव्हा खालच्या मजल्यावरची पोरं नाचत होती आणि मी समोरच्या मेणात साहेबांचे पुढचे दोन दात उलटे लावून बसले होते. मत्सराने माणूस आंधळं होतं हे ऐकलं होतं. स्वतःची टीम हरावी म्हणून टपून बसेल इतकं होतं, हे ठाऊक नव्हतं. त्या पोरांचा आवाज ऐकून मला रडू आलं, बाई.

जळते मी तुमच्यावर. अजूनही. तुम्ही खेळलात आणि मी नुसतं ऐकलं. तुम्ही मातीकडे बघून सांगता आणि मला जुनी आकडेवारी पाठ आहे. संध्याकाळी कामावरून आला की तो तुमच्याजवळ बसतो. आणि त्यात तुम्ही चांगल्या आहात, हे तर अगदीच असह्य. तुम्ही माझ्यासाठी जिराफाला लिहिलंत! वाईट असतात तर मला किती सोपं गेलं असतं. चार लोकांत तुमची निंदा करता आली असती.

पण त्या समासातल्या ओळीने घोटाळा केला आहे. सुतार बाहेर बसला याचा अर्थ ताईचं काहीतरी बिनसलंय, हे कळायला माणूस माझ्या किती जवळ असावं लागतं! ते छोट्याला कळायला हवं होतं. त्याला मी भरवलंय, शिकवलंय, पहिला ऑफ स्टंप कोळशाने भिंतीवर काढून दाखवलाय. तो पंपहाउसवर माझं मोठं मन वाचत बसला, आणि लग्नात मी जिच्याशी धड चार शब्द बोलले नाही, तिने मला बरोबर ओळखलं. याचा मला आनंद होत नाहीये. राग येतोय. ज्या माणसाला टाळावं तेच नेमकं आपलं मन वाचू लागलं तर करायचं काय?

तीन दिवस हाच विचार करतेय. मग आज सकाळी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात शेवटची टेस्ट. मालिका तिच्यावर आहे. पहिले सहा मी निवडते, सुतारला घरी आणते आहे. खालचे पाच तुम्ही निवडा. एक जागा नाही, पाचच्या पाच, कीपरसकट. वेगळ्या पाकिटात घाला, तुमच्या अक्षरात लिहा, आणि टॉसच्या आधीचा शिक्का पाहिजे. जिराफाला माझ्या आवडीसाठी घ्याल तर मी तो कागद परत पाठवीन. माती काय म्हणते ते लिहा. आणि मला तुमचं पटलं नाही तर मी सांगणार, शेलक्या शब्दांत सांगणार, तेव्हा मुळुमुळु रडायचं नाही. एवढ्या वर्षांत मला तोडीस तोड भांडणारं कुणी मिळालं नाही. छोट्या दोन पत्रांत हार मानतो.

डावऱ्याला घ्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. या वेळी मी त्याला माझ्या सहात ओढणार नाही, असं शपथेवर लिहून दिलं असतं. पण पाकीट पेटीत पडेपर्यंत माझा माझ्यावर भरवसा नाही, तेव्हा मनाशी एखादं दुसरं नाव तयार ठेवा.

राहता राहिला तुमचा नवरा. त्याला निवड समितीतून वगळलं आहे. मन दुखावणार त्याचं, ठाऊक आहे; दोन दिवस घुम्यासारखा बसेल, मग तुमच्याकडे येऊन विचारील की ताईने असं का केलं. तुम्ही सांगा, फॉर्म नाही. आणि मग त्याला तुमच्या शेजारी बसवून घ्या आणि सामना ऐका. आवाज थोडा मोठा ठेवा, डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं. हे त्याने तुम्हाला सांगितलं नसेल.

तुमची
वन्सं